हेगच्या न्यायासनावरचा ‘आमचा माणूस’

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. सकाळी झेंडावंदन, हुतात्म्यांना अभिवादन आणि सायंकाळी एखादे व्याख्यान, हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की, टाळ्या कोठे द्यायच्या हे आमच्यासारखी म्हातारी माणसे वक्त्याने तोंड उघडण्यापूर्वीच जाणून असतात. अशाच एका व्याख्यानाला मी अलीकडे गेलो होतो. वक्ते विद्वान होते, आवाज चांगला होता. त्यांनी ओघात दोन विधाने केली. पहिले असे की, निजामाची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाने केराच्या टोपलीत टाकली. दुसरे असे की, पुढे दादरा-नगरहवेलीच्या खटल्यातही जगाच्या न्यायालयात आपण पोर्तुगालला धूळ चारली, कारण तेथे न्यायासनावर ‘आमचा माणूस’ बसला होता. तो म्हणजे न्यायमूर्ती छागला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. सवयीने माझेही हात उचलले गेले आणि अर्ध्यावरच थांबले.

सभा संपल्यावर चहाच्या वेळी एक तरुण वकील मला म्हणाला, “काका, छागला तर राजकारणी गृहस्थ. लीगमध्ये होते, पुढे मंत्री झाले. असा माणूस न्यायासनावर बसवला की तेथला न्याय संपलाच म्हणायचा.” वक्त्यांचे म्हणणे त्याला पटले नव्हते, हे ठीकच झाले. परंतु त्याने त्यांच्या विरुद्ध जे मांडले तेही तितकेच कच्चे होते. या दोन्ही मतांशी मला भांडायचे आहे. नांदेड-लातूरच्या कोर्टांत पन्नास वर्षे जमिनीचे दावे लढवलेल्या माणसाने आंतरराष्ट्रीय कायद्यावर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु हेगचा तो खटला मुळात शेतरस्त्याचाच खटला होता, हे वाचकांच्या लवकरच ध्यानात येईल.

आधी छागलांविषयी. महंमद करीम छागला यांचा जन्म मुंबईचा, १९०० सालचा. ऑक्सफर्डला इतिहास शिकून आलेले हे खोजा कुटुंबातील तरुण बॅरिस्टर जीनांच्या हाताखाली मुंबईत वकिली करू लागले आणि मुस्लिम लीगचे चिटणीस झाले. १९२८ साली नेहरू अहवालाच्या प्रश्नावर त्यांनी जीनांशी फारकत घेतली. १९४१ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९४६ मध्ये विजयालक्ष्मी पंडितांच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघात गेले आणि दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न त्यांनी तेथे मांडला. १५ ऑगस्ट १९४७ ला ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तुकडे होऊन आम्ही पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, त्या दिवशी मुंबईचे हंगामी राज्यपालही तेच होते. मराठवाड्याला नवे राज्य मिळाले त्या दिवशी आमच्या राज्यपालांच्या आणि आमच्या मुख्य न्यायमूर्तींच्या पदावरचा माणूस एकच होता, ही गंमत आमच्याकडच्या कोणत्याही स्मरणिकेत मला आढळलेली नाही.

पुढे ते वॉशिंग्टनला राजदूत, लंडनला उच्चायुक्त, केंद्रात शिक्षणमंत्री आणि मग परराष्ट्रमंत्री झाले. विद्यापीठांतून प्रादेशिक भाषांचे माध्यम घाईने आणण्यास त्यांचा विरोध होता आणि त्याच मुद्द्यावर १९६७ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. (मराठीतून कायदा शिकावा असे ज्याला आयुष्यभर वाटत आले त्या मला त्यांचे हे मत मुळीच मान्य नाही; पण मतासाठी खुर्ची सोडणारे मंत्री किती, हेही विचारले पाहिजे.) आणीबाणीत त्यांनी उघड विरोध केला. १९८१ मध्ये ते वारले.

तेव्हा माझ्या तरुण मित्राचा पहिला मुद्दा खरा आहे. छागला राजकारणी होते. परंतु हेगच्या त्या खटल्यात न्यायासनावर दुसरे कोण होते, हे त्याने पाहिले आहे काय? न्यायालयाचे उपाध्यक्ष होते सर महंमद जफरुल्ला खान. १९४७ ते १९५४ ते पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री होते आणि काश्मीरच्या प्रश्नावर सुरक्षा समितीत भारताविरुद्ध तासन् तास बोलले होते. सर पर्सी स्पेंडर हे ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री राहून आलेले. वेलिंग्टन कू यांनी चीनचे परराष्ट्रमंत्रिपद आणि काही काळ पंतप्रधानपदही सांभाळलेले. राजकारणी माणसामुळे न्याय संपत असेल, तर हेगचा न्याय छागलांच्या पुष्कळ आधीच संपलेला होता! वस्तुतः आंतरराष्ट्रीय कायदा हा राजकारण्यांनीच घडवलेला कायदा आहे. तह कोण करतो? वहिवाट कोण पाडतो? सरकारेच. त्या कायद्याचा अर्थ लावायला ज्याने एकही तह वाटाघाटीत पाहिला नाही असा निव्वळ पुस्तकी पंडितच हवा, हा हट्ट मला कळत नाही.

आता खटल्याकडे वळू. दमणच्या पूर्वेस, चहूकडून भारतीय मुलखाने वेढलेली दादरा आणि नगरहवेली ही दोन बेटे. समुद्रातली नव्हेत, जमिनीवरची. १९५४ च्या २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. त्यांत गोमंतकीय होते, महाराष्ट्रातले तरुण होते, संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगालला दमणहून फौज धाडायची होती. भारताने वाट दिली नाही. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल राष्ट्रसंघाचा सभासद झाला, १९ तारखेला त्याने हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा गुदरला. दावा काय? तर, आमच्या शेताला जाण्याची वाट तुमच्या शेतातून आहे, ती तुम्ही अडवली.

अहमदपूर, कंधार, उदगीर, मुखेड, कोणत्याही तहसिलीत जा. पावसाळ्याच्या तोंडावर हाच दावा तुम्हांला डझनाने सापडेल. वरच्या बांधावरचा म्हणतो, माझ्या आजापासून गाडी येथून जाते. खालचा म्हणतो, जात होती ती माझ्या मर्जीने, हक्काने नव्हे. तहसीलदार पंचनामा करतो, चाकोरी उमटली आहे की नाही ते पाहतो, शेजारच्या चार म्हाताऱ्यांचे जबाब घेतो. हेगच्या शांतिप्रासादात पंधरा न्यायमूर्तींनी याहून निराळे काही केले असे मला वाटत नाही. फक्त त्यांच्यापुढचे म्हातारे साक्षीदार कागदाचे होते आणि त्यांतले सर्वांत जुने मराठी बोलत होते.

ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असू नये याची मला खंत वाटते. पोर्तुगालने पुराव्यात दाखल केला तो १७७९ चा पुणे दरबाराचा तह आणि त्यामागोमाग १७८३ व १७८५ सालच्या सनदा. सवाई माधवरावांची कारकीर्द, कारभार नाना फडणिसांचा. पोर्तुगिजांच्या स्नेहाखातर पेशव्यांनी दमणलगतच्या मुलखातून वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यांना लावून दिली. पोर्तुगालचे म्हणणे, गावे दिली म्हणजे राज्य दिले. न्यायालयाने तह खरा धरला, परंतु त्याचा अर्थ निराळा लावला. मराठ्यांनी जे दिले ते वसुलाचे उत्पन्न. तो सरंजाम, ती जहागीर. मुलखाचे स्वामित्व त्यांनी दिलेले नव्हते. मराठी रियासतीत असे सरंजाम शेकड्यांनी दिले जात आणि सरकारच्या मर्जीस आले की काढूनही घेतले जात. युरोपातल्या वकिलांना हा फरक समजावून द्यायला केवढे श्रम पडले असतील! आम्हांला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. माझ्या वडिलांची निम्मी वकिली जहागिरींच्या तंट्यांवर चालली. निजामाच्या राज्यात जहागीरदार वसूल खात होता, कचेरी चालवीत होता, क्वचित लोकांना फटकेही मारीत होता. पण राजा नव्हता. १९४९ मध्ये एका हुकुमाने जहागिरी गेल्या तेव्हा मालक बदलला असे कोणी मानले नाही. फक्त वसूल खाणारा गेला.

पेशव्यांनी दिले नव्हते ते पोर्तुगालला मग मिळाले कसे? इंग्रजांकडून. १८१८ नंतर इंग्रजांनी त्या गावांवरचे पोर्तुगालचे स्वामित्व न बोलता मान्य केले, आणि दमण व ती गावे यांच्यामधली ये-जा सव्वाशे वर्षे चालू दिली. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ही ये-जा निर्वेध होती. सशस्त्र शिपाई व दारूगोळा मात्र परवानगीखेरीज कधी जात नसे. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने हीच चाकोरी मोजली. मुलकी ये-जेचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी पोर्तुगालला दिला. फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे यांचा हक्क आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला. आणि १९५४ च्या तंग परिस्थितीत भारताने वाट बंद केली ती नियंत्रणाच्या अधिकारातच केली, सबब भारताने काही कर्तव्यभंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहांनी ठरवले. थोडक्यात, बैलगाडी जाऊ द्या, लाठ्याकाठ्या घेऊन येऊ देऊ नका, आणि भांडण पेटलेले असताना त्याने फाटक लावले तर त्याला दोष देऊ नका! असे निकाल आमच्या तहसीलदारांनी कितीतरी दिले आहेत. ‘धूळ चारली’ हे शब्द मात्र त्यांतल्या कोणत्याही निकालाला शोभत नाहीत. आम्ही हरलो नाही, एवढेच. एका मुद्द्यावर तर स्पष्ट हरलो.

आता ‘आमच्या माणसा’चे गणित. हेगच्या न्यायालयाचा नियमच असा आहे की, ज्या पक्षकार राष्ट्राचा न्यायाधीश आसनावर नाही, त्याने त्या खटल्यापुरता एक नेमावा. भारताने छागलांना नेमले, पोर्तुगालने फर्नांडिस यांना. छागलांनी भारताच्या बाजूने मत दिले, फर्नांडिस यांनी पोर्तुगालच्या. दोघांनीही भिन्न मतपत्रे जोडली, ती अर्थातच एकमेकांच्या उलट टोकांची. आठ-सातच्या त्या मुद्द्यावरून दोघेही वजा करा. सात विरुद्ध सहा उरतात. निकाल तोच. ‘आमचा माणूस होता म्हणून जिंकलो’ हे विधान तिसरीतल्या वजाबाकीतही टिकत नाही.

आणि याहून अवघड गोष्ट पुढे आहे. १९५९ च्या शरदात खटल्याची मुख्य सुनावणी झाली, तेव्हा छागला मुख्य न्यायमूर्ती नव्हते; ते भारत सरकारचे वॉशिंग्टनमधले राजदूत होते. एका पक्षकाराचा पगारी वकील त्याच पक्षकाराच्या खटल्यात न्यायाधीश! कायद्याने त्याला मुभा होती, हे खरे. न्यायालयाच्या घटनेतले सोळावे कलम न्यायाधीशाला राजकीय वा प्रशासकीय काम करण्यास मनाई करते. परंतु एकतिसावे कलम खटल्यापुरत्या न्यायाधीशांना कोणती कलमे लागू ते मोजून सांगते आणि त्या यादीत सोळावे नाही. मुभा होती म्हणून ती घ्यावीच असे थोडेच आहे? माझ्या मते छागलांना राजदूत नेमल्यावर सरकारने दुसरा कोणी पाठवायला हवा होता, किंवा छागलांनी आपण होऊन नकार द्यायला हवा होता. यात त्यांच्या सचोटीवर शिंतोडा नाही. याच माणसाने १९५८ साली मुंदडा प्रकरणाची चौकशी चव्हाट्यावर, महिनाभरात उरकली आणि नेहरूंच्या अर्थमंत्र्यांना घरी जावे लागले. मुंबईच्या न्यायासनावरून सरकारविरुद्ध निकाल देताना ज्याचा हात कापला नाही, त्याला ‘आमचा माणूस’ म्हणणे हा त्याचा गौरव आहे की अपमान? ज्याची कीर्ती तो कोणाचा नव्हता यावर उभी, त्याला आम्ही टाळ्यांच्या गजरात आमच्या दावणीला बांधतो!

पण हेही सांगितले पाहिजे की, मुलकी ये-जेच्या मुद्द्यावर छागला चुकले आणि ते अकरा जण बरोबर होते. ती वहिवाट हक्क ठरत नाही, असे छागलांचे मत. ज्या वाटेने सव्वाशे वर्षे माणसे आणि माल जातो, ती वाट धन्याच्या मर्जीवरच चालली होती असे मानायचे ठरवले, तर मराठवाड्यातला एकही शेतरस्ता शिल्लक राहणार नाही. मी माझ्या अशिलांसाठी याच्या उलट बाजूने आयुष्यभर भांडलो आहे. केवळ यावेळी खालचा बांध भारताचा होता म्हणून माझे मत कसे बदलेल?

हा प्रश्न मला अलीकडे एकदा फार टोचला. १७ जुलै २०१९ ला कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल लागला, पंधरा विरुद्ध एक. तो एक म्हणजे पाकिस्तानने नेमलेले न्यायाधीश जिलानी. त्यांचे माजी सरन्यायाधीश. नांदेडच्या आमच्या बाररूममध्ये त्या दिवशी पेढे आले आणि जिलानींची यथेच्छ थट्टा झाली. पाकिस्तानच्या मिठाला जागला, वगैरे. मी विचारले, “मग १९६० साली छागला कोणाच्या मिठाला जागले?” बाररूम एकदम गप्प झाली. कोणीतरी म्हणाले, “सर, ती गोष्ट निराळी.” निराळी कशी, ते मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

आता वक्त्यांच्या पहिल्या विधानाकडे येतो, कारण खरे दुखणे तेथे आहे.

निजामाची तक्रार केराच्या टोपलीत गेली नाही. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने सुरक्षा समितीकडे अर्ज केला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये समिती भरली आणि विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असे आठ विरुद्ध शून्य मतांनी ठरले. तिघे तटस्थ राहिले. हैदराबादतर्फे नवाब मोईन नवाज जंग बोलले, भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार. तेही जस्टिस पक्षाचे जुने राजकारणी. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती दिली आणि २२ तारखेला तक्रार मागे घेत असल्याची तार केली. पुढे मे १९४९ मध्ये पाकिस्तानच्या आग्रहाने विषय पुन्हा निघाला. जफरुल्ला खान बोलले. निर्णय कोणताच झाला नाही. केराची टोपली ती नव्हे. न ऐकलेला दावा कपाटात ठेवून दिला, एवढेच झाले.

आमच्या बाजूने सांगण्यासारखे नव्हते काय? होते! अर्जापूरजवळ १९४६ मध्ये रझाकारांनी गोविंदराव पानसऱ्यांना ठार केले, ते सांगायचे होते. रझाकारांचा सरदार कासिम रझवी आमच्या लातूरचा वकील, ज्या कोर्टाच्या ओसरीत माझे वडील बसत तेथलाच, ते सांगायचे होते. गावेच्या गावे ओस पडून बार्शी-सोलापूरच्या छावण्यांत गेली, ते सांगायचे होते. त्या वर्षी माझी आई मला कडेवर घेऊन रात्रीतून बार्शीला गेली. मी दोन वर्षांचा होतो. परंतु भारताची भूमिका अशी की, हैदराबाद हे राष्ट्रच नव्हे, हा आमचा घरगुती प्रश्न. कायद्याच्या दृष्टीने ही भूमिका समजण्यासारखी होती. तिचा परिणाम मात्र असा झाला की, लातूर-नांदेडच्या माणसाचे म्हणणे पॅरिसच्या दप्तरात कधी गेलेच नाही. तेथे बोलले ते निजामाचे नवाब आणि दिल्लीचे सर.

हेगच्या १९६० च्या मोजपट्टीने १९४८ सालची नाकेबंदी मोजून पाहावी, असा मोह मला वकील म्हणून होतो. हैदराबादही चहूकडून वेढलेलेच होते. मार्मागोवा बंदर मिळावे म्हणून निजामाची पोर्तुगालशी बोलणी चालली होती. त्या मोजपट्टीने सिडनी कॉटनच्या विमानांतून येणाऱ्या बंदुका अडवणे भारताला खुशाल मोकळे होते; मीठ आणि औषधे अडवणे मात्र सहजासहजी बसले नसते. तंग परिस्थितीचा मुद्दा तेथेही काढता आला असता, हे मी नाकारीत नाही. पण तो काढावा तरी लागला असता. आमच्या व्याख्यात्यांना असा प्रश्न पडतच नाही, कारण ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ यांपलीकडे त्यांच्याजवळ तिसरे माप नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती.

१७ सप्टेंबरनंतर लातुरात काय झाले, ते आमच्याकडे बोलायचे नसते. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी सरकारच्याच सांगण्यावरून संस्थानात फिरून चौकशी केली. त्यांचा अहवाल कित्येक दशके बांधून ठेवला गेला; आज तो छापील मिळतो. सबंध संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज. सर्वांत वाईट अवस्था चार जिल्ह्यांची: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. अहवाल सांगतो की, लातुरात कत्तल वीस दिवसांवर चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, त्यांतले जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले. हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. मारलेले सगळे रझाकार नव्हते. बरेच कच्छी व्यापारी होते, कारागीर होते.

माझ्या वडिलांचे एक स्नेही मुसलमान वकील होते. वडील त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणत आणि तेही वडिलांना ‘वकीलसाहेब’च म्हणत. ते रझवीच्या विरोधात होते, असे वडील सांगत. ऑक्टोबरात ते लातूर सोडून गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपले कायद्याचे कपाट, आतल्या पुस्तकांसह, माझ्या वडिलांना विकले. किंमत किती ते वडिलांनी मला पुष्कळ वर्षांनी, मी सनद घेतली त्या दिवशी सांगितले. ती येथे लिहिण्याची मला लाज वाटते. वडील म्हणाले, “त्यांनी जास्त मागितले नाहीत आणि मी जास्त दिले नाहीत.” वडिलांनी कोणाला मारले नाही, कोणाचे घर लुटले नाही. बार्शीहून परतलेल्या कुटुंबाजवळ द्यायला फारसे नव्हतेही. तरी ते कपाट ज्या भावात आले, तो भाव बाजाराचा नव्हता, भीतीचा होता. त्या कपाटातल्या पुस्तकांवर माझी वकिली उभी राहिली. पहिल्या पानांवर उर्दू शिक्का आहे, तो मी कधी पुसला नाही आणि लहानपणी कोणाला दाखवलाही नाही.

त्या वकीलसाहेबांच्या बाजूने पॅरिसमध्ये कोण होते? निजामाच्या माणसाची तक्रार त्याच्याच धन्याने मागे घेतली. भारताचा माणूस म्हणत होता, हा घरगुती प्रश्न आहे. पाकिस्तानचे जफरुल्ला खान हैदराबादसाठी बोलले, पण त्यांना हवे होते ते काश्मीरच्या तराजूत टाकायला एक वजन. एकाच गोष्टीला मात्र वकील कधी कमी पडले नाहीत. सप्टेंबर १९४८ मध्ये निजाम सरकारचे दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले. त्या पैशावर १९५७ मध्ये इंग्लंडच्या उमराव सभेपर्यंत वाद गेला आणि २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. निजामाचे वारस आणि भारत सरकार एका बाजूला, पाकिस्तान दुसऱ्या बाजूला. एकाहत्तर वर्षे त्या रकमेची एकही तारीख चुकली नाही! लातूरच्या मेलेल्यांची, रझाकारांनी मारलेल्यांची आणि नंतर मारलेल्यांची, एकही तारीख कधी पडली नाही.

त्या व्याख्यानमालेच्या चिटणिसांना मी पत्र लिहिले. पुढच्या सतरा सप्टेंबरला मला अर्धा तास द्या, मी दोन कागद वाचून दाखवीन: एक रझाकारांनी नांदेड जिल्ह्यात केलेल्या खुनांची यादी आणि दुसरा सुंदरलाल अहवालातला लातूरचा उतारा. भाष्य करणार नाही, टाळ्यांची जागा ठेवणार नाही. उत्तर अदबीचे आले. विषय वादग्रस्त आहे, शिवाय कार्यक्रम भरगच्च आहे. आपल्यासारख्या ज्येष्ठांनी त्याऐवजी छागलांवर बोलावे, फार उद्बोधक होईल.

मी छागलांवर बोलायचे कबूल केले आहे. कागद दोन्ही खिशात घेऊन जाईन.